चौथी पाहुणी

दि. ४ जून

ती. मामांना,
ठकीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ म्हणता आणि ठेवून देता, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही!

आधी गोड बातमी. तीन वर्षं ज्या कलानिधीच्या दाराशी मी चपला झिजवल्या, त्यांनी आपला अर्ज मंजूर केला. जपानचे बाहुलीवाले आजोबा आपल्या माणसांना घेऊन येणार, महिनाभर आपल्या थिएटरात राहून पोरांना शिकवणार आणि शेवटी त्यांचा नि आपला मिळून एक प्रयोग. त्यांची एक बाहुली तिघं मिळून चालवतात. आजोबांकडे डोकं आणि उजवा हात, एकाकडे डावा हात, आणि एक मुलगी पाय सांभाळते.

आता कडू. अर्जात ‘येणारे कलाकार’ असा रकाना होता, तिथे मी ‘चार’ लिहिलं. तुमच्याच हाताखाली वाढले ना मी! दौऱ्यावर किती माणसं म्हणून कुणी विचारलं की तुम्ही बाहुल्या धरून आकडा सांगायचात आणि चहाही तेवढेच मागवायचात. तर चौथी पाहुणी मी लिहिली: म्हातारी, वय एकशे दहा, काम मुख्य भूमिका. काल निधीच्या बाईंचा फोन, की या आजींचा पासपोर्ट नंबर राहिलाय. खरं सांगितल्यावर त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या की तिकिटं तीनच, लाकूड सामानात जाईल. आजोबांना कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं की म्हातारी जन्मात कधी सामानात गेलेली नाही. तिला सीट नसेल तर क्षमा करा, आम्हाला येता येणार नाही. वीस तारखेपर्यंत नक्की झालं नाही तर निधी दुसऱ्या कुणाला जाईल.

खोड तुमची, आता उपायही तुम्हीच सांगा. आणि हो, संस्थेच्या माहितीत तुमच्या नावापुढे काम काय लिहू?

कान धरून उभी असलेली,
तुमची ठकी

दि. ९ जून

चि. ठकीस,
मामाचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

अगं, अर्जात कुणी बाहुलीचं वय लिहितं का? ताईला तुझं पत्र वाचून दाखवलं, तर ती हसून हसून खोकायला लागली. माझ्या लेकीला इतकं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

तो म्हातारा मात्र आपल्याला आवडला. मीही आपल्या राणी बाहुलीला कधी गाडीच्या टपावर टाकलं नाही. मांडीवर घेऊन बसायचो. तुझी मामी म्हणायची, मला नाही कधी एवढं सांभाळलं! पण एका बाहुलीला तीन माणसं? नाकापेक्षा मोती जड! मी एकटा दोन नाचवायचो, एका हाताला एक.

उपाय साधा आहे. सीटा तीन, तर एका माणसाने मागे राहावं. कुणी, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. आणि त्या बाईंना विचार, मोठं वाद्य घेऊन येणाऱ्या वादकाचं काय करता? वाद्याला सीट देत असाल, तर म्हातारीने तुमचं काय घोडं मारलंय?

माझं विचारशील तर हे हात आता गेले. कप तोंडाशी जाईपर्यंत अर्धा चहा बशीत. राणीच्या दोऱ्या दोन वर्षांत सोडवलेल्या नाहीत. नावापुढे ‘निवृत्त’ लिही आणि विषय मिटव.

आम्हा म्हाताऱ्यांची आठवण ठेवत जा.
तुझा मामा

दि. १८ जून

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

मामा, जिंकलात! वाद्यांचा नियम खरंच निघाला. बाईंनी स्वतः फाइल शोधून काढली आणि तिनांतली एक सीट म्हातारीला दिली. पायवाली मुलगी आपणहून म्हणाली की आधी आजींना न्या, मी मागाहून कधीतरी जाईन.

पण आता पाय कोण चालवणार? आजोबांचं म्हणणं, तुमच्यातलंच कुणीतरी. प्रसंग छोटा आहे. बर्फात दाराशी उभी राहून म्हातारी लेकीची वाट बघते आणि चार पावलं चालते. बाईच्या बाहुलीला पाय नसतातच म्हणे! खाली वाकून वस्त्राचा काठ दोन्ही मुठींत धरायचा आणि असा हलवायचा की बघणाऱ्याला पाय दिसावेत. आमच्या पोरांनी टेबलक्लॉथ घेऊन करून पाहिलं, तर फरशी पुसल्यासारखं दिसलं.

म्हणून मी तुमचं नाव कळवलं. रागावू नका. हातांचंही लपवलं नाही. आजोबांनी एकच विचारलं, की थरथर एका हाताला आहे की दोन्ही? मी दोन्ही म्हटलं. त्यावर त्यांचं उत्तर, की मग फारच छान. थंडीतल्या म्हातारीचा काठ स्थिर राहिला तर ती खोटी वाटते.

तुमच्या नावापुढचा रकाना मी रिकामाच ठेवलाय.

मार खायला तयार असलेली,
ठकी

दि. २३ जून

चि. ठकीस,
आशीर्वाद आहेतच, पण आज जरा कमी.

जमणार नाही. मला ते लागलं, ठकी. ज्या थरथरीपायी मी घरात बसलो, ती आता तिकीट लावून चारचौघांना दाखवायची? माझी हयात लोकांनी बोटांकडे बघून टाळ्या वाजवण्यात गेली. आता कीव करून घ्यायला मी येणार नाही. नाही म्हणजे नाही.

तुझा मामा

ता. क. पायवाला वाकून चालतो असं तू लिहिलंस. माझे गुडघे ते ऐकणार नाहीत. ताईच्या जुन्या स्टुलाला चाकं लावून पाहिली, बरी फिरतात. काठ जमिनीपासून किती उंच असतो, तेवढं विचारून ठेव. नुसतं विचार.

दि. ३० ऑगस्ट

चि. ठकीस,
मामाचे भरभरून आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. स्टूलही पोचलं. ताईने ते परत मागितलं, मी दिलं नाही.

प्रयोग तू विंगेतून पाहिलास, मी म्हातारीच्या पाठीमागून. तुला एक सांगायचं राहिलं. तालमीत पहिले चार दिवस मी मुठी करकचून आवळत होतो, थरथर दिसू नये म्हणून. काठ मेल्यासारखा लोंबायचा. आजोबांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि हळूच मूठ सैल केली. तेव्हा पाहिलं, त्यांचीही बोटं थरथरतात गं! प्रयोगाला मी हात मोकळे सोडले. एवढ्या उकाड्यात पहिल्या रांगेतल्या निधीच्या बाईंनी ओढणी खांद्याभोवती ओढून घेतली. मला काठाच्या फटीतून दिसलं. मी रडलो, पण तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

नंतर आजोबांनी चहा मागवला. आम्ही तिघं होतो, आणि त्यांनी चार बोटं दाखवली. जित्याची खोड, दुसरं काय! चौथा मीच प्यायलो, अर्धा बशीत.

पुढच्या वर्षी आपण तिकडे जायचा अर्ज भरून सोबत पाठवतोय. राणीच्या दोऱ्या सोडवल्या, तिलाही सीट माग. पायवाल्या मुलीला मात्र कळव की तिकडे पाय तिचेच, मी शेजारी बसून शिकेन. माझ्या नावापुढे आधी ‘निवृत्त’ लिहिलं होतं, ते खोडून ‘पाय, शिकाऊ’ लिहिलंय. अक्षर जरा हललंय, पण बाईंना वाचता येईल.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा मामा