सावडीचा अभ्यास

सोम. ३ नोव्हें.
दिवाळीची सुट्टी संपली. केंद्रप्रमुखाची परीक्षा जेमतेम दीड महिन्यावर. पुस्तक उघडलं की कुकर बोलावतो. शाळेत पोरांना वेळापत्रक करून देते, माझं स्वतःचं मात्र... असो. आपल्या भागातल्या शाळांवर या वेळी केंद्रप्रमुखाची जागा एकच, असं ऐकते. ती मला हवीये. फार हवीये.
मोबाइलवरच्या एका सरांचा कोर्स लावलाय. पहाटे चारला उठा, वेळ खाणारी माणसं ओळखा वगैरे. आवाज भारदस्त आहे. ऐकलं की तासभर अंगात वारं शिरतं.

गुरु. ६ नोव्हें.
चारला उठतेय. आज तिसरीला कविता शिकवता शिकवता जांभई आली. वर्ग खूश.
सरांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला: 'आमच्या टाकव्यात भातकाढणीला सावड असते. आम्ही शेजाऱ्यांच्या शेतात राबायचं, मग ते आमच्या. माझे अभ्यासाचे रविवार त्यात जातात. काय करू?' लगेच उत्तर. 'ताई, आउटसोर्स करा.'
सुटसुटीत. पटलं. रविवारी शेजारच्या शंकरभाऊंच्या भाताला माझ्या जागी गावातल्या गंगूबाईला रोजावर पाठवते.

रवि. ९ नोव्हें.
गंगूबाई दहा वाजता परत दारात. शंकरभाऊंनी चहा पाजून माघारी लावलेली. मागोमाग आत्या, म्हणजे सासूबाई, विळा हातात घेऊनच.
"शंकर म्हनला, मानूस नसंल तर नसू दे, पर रोजाचं मानूस सावडीत कसं घ्याचं? आजारी पडली आसतीस तर कुनी चकार शब्द काडला नसता. हे काय नवीन?"
काय सांगणार, मोबाइलवरच्या सरांनी सांगितलं म्हणून? लाज वाटली. पुस्तक मिटलं, साडी खोचली, गेले. शंकरभाऊंची बायको मान वर न करता म्हणाली, "सरका गं, मास्तरीणबाईला जागा द्या." तेवढंच. पुढे दिवसभर गप्पा, इंद्रायणी भाताचा वास, कंबरेचा भुगा. झोप मात्र अशी लागली की बास.

रवि. १६ नोव्हें.
काल आमचं भात झालं. सगळे आले, कुणी मागचं काढलं नाही.
आज लोणावळ्याला, वलवणला निर्मलाबाईंकडे. माझ्या पहिल्या केंद्रप्रमुख. निवृत्त झाल्या तरी आवाज तोच, समोर बसलं की मी आपोआप ताठ बसते. गंगूबाईचा किस्सा सांगितला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग विचारलं, "ते सर या परीक्षेला बसले होते का? शेत आहे त्यांना?" कोण जाणे. पैसे भरताना हे विचारायचं सुचलंच नव्हतं.
बाई सांगत होत्या, "मी पहिल्यांदा नापास झाले. एकटी वाचायचे, सगळं येतंय असं वाटायचं. पुढच्या वेळी मैत्रिणीला समजावून सांगायला गेले, तेव्हा कळलं काय काय येत नाही ते."
संगणकावर पेपर असतो आता, त्याचं विचारलं. "मला त्यातलं शून्य कळतं. चुकीचं सांगेन. दुसऱ्या कुणाला विचार."
इतकी वर्षं अधिकारात काढलेलं माणूस हे असं सहज म्हणतं. मला अजून नाही जमत. चौथीच्या पोराने नवं काही विचारलं तरी मी काहीतरी ठोकून देते.
निघताना मनात आलेलं बोलले. वराळ्याच्या शाळेतली नंदा पण याच परीक्षेला बसतेय. तिचं गणित, बुद्धिमत्ता पक्कं. माझे नियम-कायदे. सावडच करावी का दोघींनी? पण जागा एकच.
"ते मी नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर त्याच जागेसाठी असं कुणी नव्हतंच. तुझं तू ठरव."

बुध. १९ नोव्हें.
तीन दिवस घोळवलं. सरांचा आजचा धडा: आपली तयारी कुणाला दाखवू नका. तो ऐकला आणि नंदाला फोन लावला.
ती म्हणाली, "खरं सांगू का ताई? मागच्या मीटिंगला मी माझ्या नोट्स पिशवीत लपवल्या होत्या. तुमी बघाल म्हणून." मी पण लपवल्या होत्या. सांगून टाकलं. दोघी हसलो.

रवि. ३० नोव्हें.
सावडीचा दुसरा रविवार. मागचा माझ्याकडे, आजचा तिच्याकडे, वराळ्याला. ज्याच्या घरी बसायचं त्याने जेवू घालायचं, दुसऱ्याने शिकवायचं, असं ठरलंय. पिठलं फर्मास. मी नियम सांगितले, पुस्तक न बघता. तीनदा अडले. नंदा गालात हसत नाही, थांबते, आणि बरोबर जिथे कच्चं आहे तिथेच विचारते. बाई भारी आहे. हेवा वाटतो, आणि बरंही वाटतं.
चारचा गजर बंद. सहाला उठते. अभ्यास जास्त होतोय. कोर्स सोडला.

शनि. १३ डिसें.
उद्या पेपर. दुपारी उजळणी करताना लक्षात आलं. नंदाला मी एक नियम जुनाच शिकवलाय. नंतरच्या परिपत्रकात तो बदललेला. पाठ करून घेतला होता तिच्याकडून.
फोन हातात घेतला. खाली ठेवला. आता ऐन वेळी सांगितलं तर ती गोंधळेल, असं स्वतःला समजावलं. थापच होती ती. खरं हे की एका मार्काने जागा जाते आणि एका मार्काने मिळते.
आत्या ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. त्यांना विचारावं वाटलं. निर्मलाबाईंना विचारावं वाटलं. मग कळलं, मी विचारत नव्हते, 'नको सांगू' म्हणणारं कुणीतरी शोधत होते. तसं माणूस शोधलं की सापडतं. केला फोन.
"बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाली. आवाजावरून काही कळेना.

रवि. १४ डिसें.
पेपर झाला. तो नियम आलाच. बाहेर नंदा उभी होती, म्हणाली, "आला की वो." बाकी काही नाही. उसाचा रस प्यालो. तिचा पेपर माझ्यापेक्षा चांगला गेलाय, चेहऱ्यावरून दिसतं. घरी येताना गाडीत रडू आलं. जागा मला अजूनही तेवढीच हवीये.
संध्याकाळी निर्मलाबाईंना फोन करून सगळं सांगितलं. विचारलं, मी केलं ते बरोबर केलं का?
म्हणाल्या, "माहीत नाही गं. तुझ्या जागी मी असते तर तिला फोन केला असता का, सांगता येत नाही." मग म्हणाल्या, "निकाल लागला की ये. तिलाही आण. नाव कुणाचंही असो."
नंदाला निरोप दिलाय. येते म्हणाली.