मोज्यांतली बोटं

कात्रप, बदलापूर

प्रिय सुगत,
सप्रेम जयभीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. नातू छान दूध पितो, काळजी नको. माझ्या भावजयीचे, सुमनचे गुडघे कसे आहेत?

बाळाच्या हातांना मधली बोटं नाहीत, याचा दोष सगळे माझ्या सुनेलाच देतात. काल विहारातल्या एका बाईंनी प्रणिताला विचारलं, "ग्रहणात काही चिरलंस का गं?" मी म्हटलं, "नाही, तुमची जीभ तेवढी राहिली."

डॉक्टरांना वाटतं, हे कुणाच्या तरी रक्तातून आलं असावं. दोन्हीकडच्या नातलगांचे हातपाय बघून रक्त तपासायचंय. प्रणिताचं माहेर येऊन गेलं. आपल्याकडचं माझ्याशिवाय कुणी नाही.

आपल्या दोघांच्या पायांची बोटं जोडलेली आहेत. आई त्यांना भाग्याची म्हणायची, आणि कॉन्व्हेंटमध्ये मोजे काढू नकोस असंही बजावायची. परवा मी डॉक्टरांसमोर मोजे काढले. प्रणिता माझ्या पायांकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आई, म्हणजे मी काही केलं नाही ना?"

लेकीचं, नेत्राचं लग्न मोडेल म्हणून तू पाय लपवतोस. उद्या तिच्या बाळाला असं झालं, तर तिलाही ग्रहणाचंच विचारू द्यायचं का?

सोमवारी ये. बूट नको, चपला घालून ये.

तुझ्यावर चिडलेली,
शालनताई