काळ्या कुसळांचा गहू

तिन्नूर, तिमिमूनच्या अलीकडे,
एप्रिल संपत आला

माझे थोरले बंधू हाजी मिलूद यांना धाकट्या बूजमाचा मनापासून सलाम.

अल्लाहच्या कृपेने तुमच्या कंबरेचं हाड जुळत आलं असेल, फात्नावहिनींचे गुडघे त्यांना जिना चढू देत असतील, आणि दारातलं अंजिराचं झाड, ज्यावरून तुम्ही मला दोनदा पाडलंत, तेही जोमात असेल. इकडे आम्ही खुशाल आहोत. उम्मेलखीरने सलाम सांगितला आहे. (तिचे नेमके शब्द असे होते, "एकतीस वर्षांत एकदाही आपला उंबरा न ओलांडलेल्या दिरांना माझा सलाम सांगा." मी त्यातला सलाम तेवढा पाठवतो आहे, बाकीचं इथेच ठेवून घेतो.)

पत्र अशासाठी लिहितो की तुम्ही फोन घेत नाही. फोनवर माणूस सोयीचं तेवढंच बोलतो, लिहायला बसला की खरं बोलतो, असं तुमचं मत आहे आणि तुमचं मत म्हटल्यावर आपण बोलणारे कोण. पण तुमची नात नवाल फोन घेते, आणि तिने मला कळवलं की तिआरेतला पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला, तुम्ही या वर्षी शेत पेरलंच नाही, आणि हाड मोडल्यापासून उंबऱ्यावर खुर्ची टाकून शेताकडे पाठ करून बसता. जेवता अर्धं, बोलता त्याहून कमी. हे ऐकून मला भीती वाटली, हे सरळच सांगतो. तुम्ही ओरडत असलात की मला घर जागेवर आहे असं वाटतं. तुम्ही गप्प बसल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही. तेव्हा मी ठरवलं की तुम्हाला चिडवायचं, आणि तुम्हाला चिडवण्याची हमखास वस्तू माझ्याकडे एकच आहे, ती म्हणजे माझा गहू.

आठवतंय ना? मी मास्तरकीची ऑर्डर घेऊन दक्षिणेला निघालो तेव्हा तिआरेतच्या बस थांब्यावर तुम्ही अंगावरच्या बुर्नूसच्या, त्या लोकरी झग्याच्या, खिशात हात घालून मूठभर गहू काढलात, बाबांचा, काळ्या कुसळांचा, आणि सगळ्या प्रवाशांसमोर माझ्या हातात कोंबलात. "घे, वाळूत पेर. उगवला तर कळव, बघायला येईन." लोक हसले. मीही हसलो, कारण बस सुटत होती. पहिल्या वर्षी पेरला तेवढा चिमण्यांनी खाल्ला, दुसऱ्या वर्षीचा वाऱ्याने वाळूखाली गाडला. तिसऱ्या वर्षी, उरलेल्या दाण्यांसाठी, बा सालमने, म्हणजे माझ्या शेजारच्या बागेच्या मालकाने, मला खजुरीच्या झावळ्यांचं कुंपण घालायला आणि चटईएवढे वाफे करायला शिकवलं. (त्यांचे पणजोबाही इथे गहूच पेरत होते. हे मी तुम्हाला तेव्हाही लिहिलं होतं, तुम्ही उत्तर दिलंत की पणजोबांबद्दल कोणीही काहीही सांगतं.) गहू आला. मी शाळेच्या कॅमेऱ्याने छायाचित्र काढून पाठवलं. त्यावर तुमचं एका ओळीचं पत्र आलं. "कृष्णधवल छायाचित्रात सगळ्याच गव्हाची कुसळं काळी दिसतात."

त्या ओळीवर मी सत्तावीस वर्षं रुसून बसलो. आता तुमचं वय ऐंशी आणि माझं एकोणसत्तर, आणि नवालचा निरोप आल्यावर माझ्या लक्षात आलं की रुसायला फार वर्षं उरलेली नाहीत. म्हणून यंदाची कापणी फोनवर चित्रित करायची, रंगीत, हलती, आवाजासकट, म्हणजे तुम्हाला पळवाटच नको, असा मी निश्चय केला. या पत्रासोबत बसचालक तय्यबच्या हाती तोच फोन पाठवतो आहे. त्यात चार चित्रणं आहेत. ती बघण्याआधी थोडा खुलासा केलेला बरा.

पहिलं चित्रण माझ्या चपलेचं आहे. झालं असं की कापणीला तुइझा होती, म्हणजे सगळं गाव माझ्या शेतात उतरलं होतं, आणि तुइझाचा नियम तुम्हाला माहीत आहे. तो तिकडेही एकेकाळी होताच, तुमची यंत्रं येण्याआधी. कुंपणाच्या आत रिकाम्या हाताने कोणी उभं राहायचं नाही. काझी असो, पाहुणा असो, हातात विळा. मी फोन धरून बांधावर उभा राहिलो तर सगळ्यांच्या माना एकदम वर. बा सालम म्हणाले, "मास्तर, शेत कोणाचं?" मी म्हटलं, माझंच. "मग पहिली मूठ कोण कापणार, तुमचा फोन?" मी त्यांना समजावलं की मी काम करतो आहे, चित्रण हेही काम आहे. "असेल," ते म्हणाले, "पण ते एका हाताचं आहे. दुसरा रिकामा दिसतोय." तेव्हा मी डाव्या हातात विळा आणि उजव्या हातात फोन घेऊन कापणीला बसलो. मूठ धरायला तिसरा हात लागतो हे मला बसल्यावर कळलं. चित्रणात आधी माझा अंगठा, मग चप्पल, मग चपलेचा तुटलेला पट्टा, आणि मागे बायकांचं हसणं आहे. अंगठा शाबूत आहे, काळजी नसावी.

दुसरं चित्रण चांगलं सत्तेचाळीस मिनिटांचं आहे आणि त्यात गहू नाही. माझी चूक एवढीच की हे तिआरेतला पाठवणार आहे असं मी बोलून बसलो. इथे घराघरातून कोणी ना कोणी उत्तरेला गेलेलं आहे. पहिल्यांदा मुबारक लोहार उठला, विळा कमरेला खोचला, डोक्याचा शेश नीट बांधला आणि फोनसमोर उभा राहून ओरानमधल्या मुलीला सलाम सांगायला लागला. मी म्हटलं, मुबारक, तिआरेत आणि ओरान वेगवेगळी. तो म्हणाला, एकाच दिशेला आहेत ना? मग रांगच लागली. कोणी जावयाला सलाम सांगितला, कोणी पलटणीतल्या दोस्ताला. एका म्हातारीने सेतीफच्या सुनेला कुसकुससाठी रव्याचा दाणा तळहाताने कसा वळायचा ते हातवारे करून पूर्ण दाखवलं. सगळ्यात शेवटी बा सालम आले. तुमचं नाव घेऊन बोलले. "हाजी मिलूद, तुमच्या गव्हाला एकतीस वर्षं आमच्या फोग्गाराचं, जमिनीखालच्या पाटाचं, पाणी पाजलंय. आता तो आमच्याशी आमच्यासारखंच बोलतो. येऊन ऐका." हे तेवढं बघा. बाकी सलाम ज्याचे त्याला नवाल पोचवेल तर पुण्य लागेल.

तिसरं चित्रण बघू नका. बघितलंत तर हसू नका. तोवर तीन वाफे कापून झाले होते आणि माझ्याकडे कापणी म्हणून काहीच नव्हतं. तेव्हा मी लोकांना विनंती केली की मघाचा वाफा पुन्हा एकदा कापा. सगळे माझ्याकडे मला ऊन लागल्यासारखे बघायला लागले. कापलेला गहू पुन्हा कसा कापणार? पण दक्षिणेची माणसं भिडस्त, पाहुण्याचा शब्द मोडत नाहीत (एकतीस वर्षं झाली तरी कापणीच्या दिवशी मी अजून पाहुणा असतो, बाकी वर्षभर नसतो). चौघांनी पेंढ्या हातात उभ्या धरल्या, मुबारक त्यांच्यासमोर विळा फिरवायला लागला, आणि पेंढ्या धरणारे हसून लोळायचे बाकी राहिले. त्यात गहू स्पष्ट दिसतो, पण तो तुम्ही म्हणाल तसा बाजारातून आणून धरल्यासारखाच दिसतो. सत्तावीस वर्षांनी मी स्वतःच्या हाताने तुमचा आरोप सिद्ध करून ठेवला.

मग मी वैतागलो, डोक्याचा शेश सोडला, त्याने फोन खजुरीच्या बुंध्याला आवळून बांधला आणि उघड्या डोक्याने कापायला बसलो. दोन हातांनी. हाजी, काय सांगू, पहिल्या दहा मुठींत मी चित्रण विसरलो. फोग्गाराचं पाणी दगडी फणीच्या दातांतून वाफ्यावाफ्याला वाटून येत होतं त्याचा आवाज, एक जण ओळ म्हणतोय आणि बाकीचे झेलताहेत, मध्येच चहाचा पेला हातात येतो, इथल्या रिवाजाने तीनदा, आणि तिन्ही वेळा वेगळा गोड. दुपारी उम्मेलखीरने कुसकुस आणि ताक आणलं. ती शेताकडे बघून म्हणाली की यंदा दाणा भरलाय. मला बाबांची आठवण आली, आणि तुमची त्यांच्याहून जास्त. इतक्यात फोन गायब असल्याचं लक्षात आलं. उन्हाने शेश सैल पडला होता आणि फोन सुटून उभ्या गव्हात पडला होता. तासभर सगळं गाव माझा फोन शोधत होतं.

चौथं चित्रण हे त्या पडलेल्या फोनचं आहे. तो चेहरा आभाळाकडे करून पडला होता आणि चालूच होता. पडद्यावर आभाळ आहे, आणि आभाळावर आपल्या ओंब्या, अगदी जवळ, वाऱ्याने हलणाऱ्या, एकेक कुसळ काजळासारखं काळं. हे आता कृष्णधवल नाही, आभाळ बघा किती निळं आहे ते. मी धरलेलं एकही चित्रण असं आलेलं नाही. हे निवांत बघा. फक्त अकराव्या मिनिटाला नवालला आवाज बंद करायला सांगा. तिथे माणसांचं बोलणं आहे, ते कामाचं नाही.

एवढंच कळवायचं होतं. वाद मिटला असं मी धरून चालतो. वहिनींना सलाम, नवालला आशीर्वाद. हाड मोडलेल्या माणसाने खुर्ची थोडी फिरवून बसलं तर कंबरेला बरं असतं असं इथला वैद्य म्हणतो. (वैद्य म्हणत नाही, मी म्हणतो.)

तुमचा धाकटा,
बूजमा

ता.क. फोनसोबत एक छोटी पिशवी आहे. ती वहिनींना दळू देऊ नका. तुमच्या खिशातून निघालेली मूठ आहे, थोडी वाढलेली. नवालकडून कळलं की तिकडे बाबांचं बियाणं संपलं. पाऊस आला की पेरा.

ता.क. दुसरा. तुम्ही आवाज बंद करणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून स्वतःच सांगतो. फोन शोधताना बा सालम उम्मेलखीरला विचारतात, "मास्तरांना झालंय काय?" ती म्हणते, "थोरल्या भावाला गहू दाखवायचाय." "एवढा आटापिटा गव्हासाठी?" तेव्हा ती म्हणते, "गहू कसला. त्यांना भाऊ बघायचाय. दर वर्षी पीक आलं की अंगणात दोन खाटा टाकतात. एकीवर स्वतः झोपतात. दुसरी कोणाची म्हणून विचारलं तर म्हणतात, असू दे, वारा झोपेल." हे तिने मला कधी ऐकवलं नाही, मी फोनमध्येच ऐकलं. खोटं नाही ते.

इथून पुढे तू म्हणतो, हे तुम्ही म्हणून लिहवत नाही. बाबा शेवटची मूठ कापायचे नाहीत, तुला आठवतं? शेत कापून झालं की कोपऱ्यात एक मूठ उभी ठेवायचे आणि घरातल्या थोरल्याला हाक मारायचे. तू यायचास, बिस्मिल्ला म्हणून कापायचास, आणि ती मूठ पुढच्या पेरणीपर्यंत दारावर टांगलेली असायची. मी बांधावर उभा राहून बघायचो आणि जळायचो. इथे पहिलं पीक आल्यापासून ती मूठ मी कापतो, दर वेळी तुझं नाव घेऊन. या वर्षी कापली नाही. गाव म्हणतं, शेत मिटवल्याशिवाय मळणी कशी करायची? मी म्हटलं, थोरला यायचाय. तू म्हणाला होतास, उगवला तर बघायला येईन. उगवलाय. तय्यबच्या बसमध्ये पुढची आसनं दोन आहेत, एक तुझ्यासाठी आणि एक तुझ्या कंबरेसाठी, मी त्याच्याशी बोलून ठेवलंय. बाबांचा विळा घेऊन ये. इथले विळे तुझ्या हातात बसणार नाहीत आणि तू दिवसभर तेच बोलत बसशील. बोल. मला तेच ऐकायचंय.

ता.क. तिसरा. पत्र पाकिटात घालत असताना शेजारची बकरी कुंपणातून आत शिरली. राखलेला गहू मूठभर होता, आता सात काड्या उरल्यात. मी दोनदा मोजल्या. उम्मेलखीरने ती दुसरी खाट उचलून त्या सात काड्यांशेजारी नेऊन टाकली आहे आणि हातात काठी घेऊन तिच्यावर बसली आहे. म्हणते, दिरांना लिहा, खाट राखून ठेवली आहे, पण सात काड्या मी फार दिवस राखू शकणार नाही.