साच्यावरची फुंकर

८ ऑक्टोबर १९६२, अकोला

अमरावतीहून निघताना वाटले होते त्यापेक्षा सारेच चांगले जुळून आले. जठारपेठेत पूर्वेच्या उजेडाच्या दोन खोल्या मिळाल्या. सबंध नोकरी जिनिंग फॅक्टरीच्या कचेरीत काढलेल्या बी.कॉम. माणसाने त्रेपन्नाव्या वर्षी ओतशाळेचे व्यवस्थापकपद घ्यावे, हे काहींना धाडस वाटले. मला ती बढती वाटते. मालक वामनराव यांनी स्वतः हिंडून सर्व दाखवले: वाळूचे साचे, लोखंड वितळवण्याची भट्टी, तयार पंप आणि चाके ठेवण्याची शेड. त्यांना सर्वाधिक अभिमान नव्या भुकटीचा. साच्याचे दोन भाग चिकटू नयेत म्हणून पूर्वी कोळशाची पूड लावत. दोन वर्षांपासून गारेची, म्हणजे गारगोटीच्या दगडाची, पांढरी, पिठाहून बारीक भुकटी येते. तिच्यामुळे लोखंड गुळगुळीत निघते. मी बोट फिरवून पाहिले. खरोखर देखणे काम.

१५ ऑक्टोबर

साचे घडवणारा मुख्य मोल्डर बुधाजी पुरचुंडीतून साच्यावर भुकटी झटकतो, मग वाकून, गाल फुगवून, जास्तीची उडवून लावतो. भाता असताना तोंड कशाला, असे मी विचारले. तो म्हणाला, “सायेब, भाता कोपऱ्यात जात नाई. तुमी शाई वाळवाले कागदावर फुंकता, आमी साच्यावर फुंकतो. फरक काय?” सगळे हसले, मीही हसलो. भाता वापरणाऱ्याला येथे कच्चा समजतात. मी आठवडाभर तपासून पाहिले: भात्याच्या साच्यांतून शंभरात नऊ नग सदोष, फुंकरीच्या साच्यांतून दोन. आज माझ्या सहीने लेखी आदेश काढला आणि सर्व भाते कोठारात जमा करून घेतले.

२९ नोव्हेंबर

बुधाजी खोकतो. आणखी तिघे खोकू लागले आहेत. आज भरदुपारी शेडमध्ये नग तपासत असता पंपांच्या रांगेतून खोकला ऐकू आला. कोरडा, दोनदा. शेडमध्ये माझ्यावाचून कोणी नव्हते. वामनरावांच्या मते लोखंड निवताना हवा सुटते. त्या रांगेवरची तारीख मी पाहिली. माल अकरा दिवसांपूर्वी ओतलेला होता.

१७ डिसेंबर

बुधाजी गेला. दाखल्यावर क्षय असे कारण आहे. त्याच्या घरी बुद्धवंदना झाली. मी मागे उभा होतो. परतल्यावर थेट शेडमध्ये गेलो आणि त्याने ओतलेल्या एका पंपाच्या तोंडाशी तळहात धरला. ऊब आली. थांबली. पुन्हा आली. घड्याळ काढून मोजले: मिनिटाला सोळा वेळा.

हे मी शुद्धीवर असताना लिहीत आहे.

२ जानेवारी १९६३

बुधाजीची पत्नी पंचफुला कचेरीत आली. खुर्ची दिली, ती उभीच राहिली. शेवटल्या महिन्यात त्याच्याने चूलसुद्धा फुंकवत नव्हती, असे तिने सांगितले. वामनरावांनी तिला शेडमध्ये जाण्यास मनाई केली होती, तरी ती जाऊन आली होती.

“माह्या माणसाची फुंकर तुमच्या लोखंडात राहिली, सायेब. मी तिले आयकून आली. आता आणखी कोणाची ठेवून घ्याल तं मी फाटकात बसतो.”

भाते काढून घेण्याचा आदेश माझ्या सहीचा होता, हे मी तिला सांगितले.

“मंग तुमीच मोडा,” ती म्हणाली.

९ जानेवारी

मोडला. फॅक्टरी कायदा परिशिष्टांसह वाचून काढला. गारेच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग सरकारला कळवणे बंधनकारक आहे. इंग्लंडात या कामासाठी ही भुकटी तेरा वर्षांपूर्वीच बंद झाली. आजपासून येथेही बंद. कोळशाची पूड पुन्हा सुरू. फॅक्टरी इन्स्पेक्टरांना रजिस्टर पत्र धाडले. वामनराव मला कारकून म्हणाले. मी म्हटले, आहे. म्हणूनच पत्राची नक्कल ठेवली आहे.

शेडमध्ये आता सगळ्या रांगा खोकतात. मी रोज तेथे जातो. भितो, आणि जातो.

२१ जानेवारी

इन्स्पेक्टर परवा अकराला येणार. त्याआधी कोठारात उरलेली भुकटीची चौदा पोती तेल्हाऱ्याला हलवायची आणि येथे भुकटी नव्हतीच म्हणून सांगायचे, असा वामनरावांचा बेत. मोल्डर जानरावाने ऐकले, मला येऊन सांगितले. पोती गेली तर पुरावा गेला. पोती जाणार नाहीत.

२३ जानेवारी, सकाळी ८

ट्रक आला. मी कोठारात शिरून आतून कडी लावली. फाटकात पंचफुला आणि मोल्डर बसले आहेत. झरोक्यातून दिसते.

८.४०

पोती हलतात. वारा नाही. तोंडे शिवलेली. छातीसारखी वर येतात — खाली बसतात —

९.३०

मोजले. चौदा पोती, चौदा श्वास. पंधरावा माझा. वामनराव दाराशी येऊन म्हणाले, उघडा, नोकरी राहील. नको म्हटले. जानराव आला. “सायेब, बाहीर या. पोते आमी राखतो.” त्यालाही नको म्हटले. ही हवा त्याने घेऊ नये. त्याने पुष्कळ घेतली.

शाईवर पांढरे बसते. फुंकत नाही. बाहीने पुसतो.

१०.२०

नाक-तोंड दाबून धरले. चौदाच यायला हवेत. पंधरा आले. पंधरावा — पोत्यांच्या मागून. माझा श्वास आता माझ्याजवळ नाही.

ठीक. हात माझाच आहे. लिहितो.

१०.५५

जीप. पंचफुलेचा आवाज — इन्स्पेक्टरसाहेबांना इकडेच आणते आहे. कडीपर्यंत चार पावले. जमेल. आधी नोंद —

पोती चौदा, शिवलेली, जागेवर. भुकटी गारेची. व्यवस्थापक या नात्याने जबाबदारीने लिहितो: बुधाजी क्षयाने मेला नाही. त्याला मारले ते या भुकटीने, आणि माझ्या —