गरम झाली की आवाज थांबतो

५ जानेवारी, सोमवार

गाडी टकटक करते. सकाळी सुरू केली की पहिली तीन-चार मिनिटं, बॉनेटखालून. आडगाव नाका येईपर्यंत गप्प होते. मग काचा बंद असल्या की धुराचा वास. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसवर कामाला पोचेपर्यंत डोकं जड. रोजचंच.

ऑक्टोबरात सोमनाथ अटॅकने गेले तेव्हा गाडी गॅरेजमध्येच होती. पीयूसीत नापास झाली म्हणून त्यांनीच धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला टाकली होती. दहाव्यानंतर घरी आली. तेव्हापासून मी चालवते आणि तेव्हापासून हा आवाज. तीन महिन्यांत आज पहिल्यांदा लिहिते आहे. कशाचंच काही वाटत नाही, तर आवाजाचं काय!

७ जानेवारी, बुधवार

हाफ डे टाकून त्याच गॅरेजच्या पुंजा मिस्त्रींकडे गेले. कान लावून म्हणाले, "ताई, काहीच आवाज नाय. भास झाला असंल." गाडी चालवत नेलेली, तापलेली — आवाज येणार कुठून! भांडायला हवं होतं. परत आले.

९ जानेवारी, शुक्रवार

नणंदबाई आल्या कळवणहून, मेथीच्या दोन जुड्या घेऊन. यशोदाताई माझं आईसारखं करतात. जवळ घेऊन म्हणाल्या, "उज्वला, तू अजून रडली नाय गं. आतल्या आत घेऊ नको. एकदाची मोकळी हो." आणि स्वतःच रडल्या. भाऊ होता त्यांचा. मी पाठीवरून हात फिरवत राहिले, लक्ष गॅसवरच्या दुधाकडे.

चोवीस वर्षांचा संसार आणि डोळ्यांत टिपूस नाही. काय झालंय मला? भीती वाटायला हवी. तीही वाटत नाही.

११ जानेवारी, रविवार

आरोहीचा पुण्याहून फोन. वासाचं सहज सांगितलं तर लेक ओरडलीच. "मम्मी, काचा बंद करून चालवतेस? त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो! डोकं दुखतं, माणूस सुन्न होतो, मरतोसुद्धा!"

सुन्न होतो! पलंगावर उठून बसले. म्हणजे मी दगड नाही. गाडी आहे! रोज जाऊन-येऊन दीड-दोन तास धूर खाते आहे मी. तो थांबला की रडू येईल. यायलाच हवं. किती दिवसांनी काहीतरी हवंसं वाटलं.

१२ जानेवारी, सोमवार

चारी काचा उघड्या टाकून गाडी मिस्त्रींकडे नेली. म्हटलं, इथेच राहू द्या, सकाळी मी आल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. "लय हट्टी हाय तुम्ही, ताई." असेन. बसने घरी.

१३ जानेवारी, मंगळवार

सातला हजर. थंडीने बोटं वळेनात. गार इंजिन सुरू केलं — टकटकटक! मिस्त्रींचं तोंड बघण्यासारखं. लोखंड तापलं की फुगतं, फट बुजते, म्हणून गरम गाडीत सापडत नाही, असं मलाच समजावायला लागले. भास कोण म्हणालं होतं!

कन्व्हर्टर नवा, पण इंजिनाकडच्या जोडाचं पॅकिंग जुनंच, वर पेस्ट थापलेली. "सायबच म्हणले व्हते, जुनं पॅकिंग चांगलं हाय, तेच लावा." म्हणाले असतील सोमनाथ. टूथपेस्टची नळीसुद्धा कात्रीने कापून संपवायचे. नवं पॅकिंग टाकलं. टकटक गेली.

१४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही. बरं झालं, साडी नेसायचा कंटाळा होता. सिग्नलला थांबलं की वास अजून येतो. रडू नाही.

१७ जानेवारी, शनिवार

पुन्हा मिस्त्री. आता माझं ऐकतात. गार गाडी रॅम्पवर, इंजिन सुरू. "ताई, फडकं दाबून धरा." धूर फटीतूनच निघावा म्हणून सायलेन्सरच्या तोंडावर मी ओलं फडकं धरलं, ते खाली शिरून एकेका जोडावर साबणाचं पाणी सोडत गेले. कन्व्हर्टरच्या मागच्या जोडाला बुडबुडेच बुडबुडे! एक बोल्ट ढिला, दुसरा लावलेलाच नाही. पुंजा मिस्त्री बाहेर आले, हात पुसत म्हणाले, "चुकलं, ताई." मी रागावले नाही. पॅकिंग आणि बोल्ट नवे घालून घेतले. पुन्हा साबण सोडायला लावलं. एकही बुडबुडा नाही. मी स्वतः वाकून तीनदा बघितलं, पॅकहाउसमध्ये द्राक्षाचा घड उलटसुलट करून बघते तसं.

आता आठ दिवस वाट बघायची. अंगातला धूर निघायला वेळ लागत असेल.

२४ जानेवारी, शनिवार

डोकं एकदाही दुखलं नाही. भूक लागते. काल दोन भाकरी जास्त खाल्ल्या. यशोदाताईंना फोनवर सांगितलं, आता बरं वाटतंय.

"रडलीस का गं?"

"येईल रडू, ताई."

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. काचा बंद करून एकटीच वणीच्या रस्त्याने लांबवर जाऊन आले. वास नाही. डोकं लख्ख. छान वाटलं. सोमनाथ गेल्याचं मला दुःख नाही. धुराचा काही संबंध नव्हता. यशोदाताईंना हे कधीच कळता कामा नये.