माझी डावी बाजू

चिमे,

गाडी लवकर आली, म्हणून तुला उठवलं नाही. परदेशातले डॉक्टर डोक्याशी चुंबक धरून माझ्या डाव्या गालाच्या नसेचं दुखणं कमी करणार आहेत. कापाकापी नाही. डोक्यात लोखंड आहे का, असं त्यांनी विचारलं, तर तुझे बाबा म्हणाले, नुसते दगड आहेत! शिवताना अंगावर खोचलेल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्यात. निळ्या कोटाला तेवढी बटणं लाव, गिऱ्हाईक बाई तो न्यायला येतील.

गुण येईलच असं नाही.

त्या दिवशी तू मायेनं गालाला हात लावलास, कळ मस्तकात गेली आणि मी तुझ्या हातावर फटका मारला. तेव्हापासून तू माझ्या उजवीकडेच बसतेस. गुण येवो न येवो, मी परत आले की डावीकडे बस.

आई