ओळखपत्रावरचा चेहरा

मंगळवार, १५ जुलै. संध्याकाळ.

उद्या पाच वाजता विषय-नोंदणी बंद होते आणि माझी अजून झालेली नाही. पोर्टल आधी कॅमेऱ्यातून चेहरा बघतं, मगच विषय निवडू देतं. ओळखपत्रावर माझे केस आहेत, मिशी आहे. बाबांच्या दहाव्याला दोन्ही काढलं. चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा 'चेहरा जुळत नाही'.

शेवटी कॉलेजच्या ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी आधी ओळखपत्र पाहिलं, मग मला. "हा तूच आहे का गा? मिशी काहून उडवली?" मग त्यांचं लक्ष डोक्याकडे गेलं आणि आवाज खाली आला. "अर्ज दे. कारण लिही. प्राचार्यांची सही झाली तरच पोर्टल उघडन."

कारण लिहिलं, वडील वारले म्हणून. एवढंच. सही अजून नाही. कामगार कायद्याच्या जागा थोड्या, त्या भरल्या तर? नोंदणीच राहिली तर सगळं सत्र जाईल. बाबा कळमेश्वरच्या कारखान्यात होते, हा विषय घे असं त्यांनीच म्हटलं होतं. मिशी आठ दिवस ठेवली असती तर? असला विचार तरी कसा येतो मला.

घरात पाय ठेवताच आईने विचारलं, "झालं का रे तुह्यं?"

"झालं," म्हणालो.

तिला बरं वाटलं. "मंग जा, बाबाच्या फोटोले सांगून ये."

अजून त्या खोलीत गेलेलो नाही.